क्रॉफिश मिळत नसेल तर कुर्ल्या उकडायच्या कशा? (पाहुणे १४)

हापूसवाला_मिठबाव
२१ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, हसलात तरी चालेल, पण उत्तर द्या.

माझा पुतण्या सहा वर्षं अमेरिकेत लुइझियाना राज्यात बॅटन रूजला असतो. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येतोय, सोबत तिकडचे पाच मित्र. इकडचे आम्ही धरून १४ माणसं. परवा फोनवर म्हणाला, "काका, ह्या वेळी आपण अंगणात क्रॉफिश बॉइल करूया, मित्रांना गंमत वाटेल." मी 'बरं' म्हणून बसलो. मग त्याने व्हिडिओ पाठवला. शेवंडीच्या पिल्लांसारखे दिसणारे लालभडक प्राणी, मक्याची कणसं, बटाटे, सगळं एकाच टोपात उकडून वर्तमानपत्र अंथरलेल्या टेबलावर ओततात आणि माणसं उभ्याउभ्याने हातांनी खातात. आईने तो दोनदा बघितला आणि विचारलं, "तेंच्याकडे ताटां नाय काय?"

आता माझ्या अडचणी. हा प्राणी आपल्याकडे मिळतो का? पुण्याला मत्स्यालयाच्या दुकानात असतो असं एकाने सांगितलं. नसेल मिळत तर शेवंड (लॉब्स्टर) घ्यावी, कुर्ल्या (खेकडे) घ्याव्या की मोठी कोळंबी? आमच्या घरात कुर्ली म्हणजे वाटप लावून सांबारं, नुसती उकडलेली कुर्ली मी जन्मात खाल्लेली नाही. किती मीठ, किती वेळ, काही माहीत नाही. आणि एवढं शिजवायला भांडं कुठलं? माझ्याकडे मोहोराच्या फवारणीचा २०० लिटरचा पिंप आहे. चांगला धुऊन घेतला तर चालेल का?

दिवस शनिवार ठरवलाय. सोमवार आणि संकष्टी दोन्ही टाळून. आई ह्या बाबतीत ऐकत नाही.

---

पेठेतला_पाहुणा
२१ जानेवारी, रात्री १०.०५

पिंप??? काका, मित्रांना गंमत वाटेल म्हणालात ना, विषबाधा वाटेल नाही म्हणालात. कीटकनाशकाचा पिंप दहा वेळा धुतला तरी खाण्याच्या कामाला नाही म्हणजे नाही.

बाकी माहितीदार लोक सांगतीलच. मी पोळी-भाजीवाला.

---

बायूकाठचा
२२ जानेवारी, सकाळी ७.१५

नऊ वर्षं बॅटन रूजमध्ये काढून परत आलोय, त्यामुळे ह्या विषयावर बोलायचा हक्क आहे असं समजतो.

आधी क्रॉफिशबद्दल. हा गोड्या पाण्यातला जीव. तिकडे शेतकरी भात कापला की त्याच शेतात पुन्हा पाणी सोडतात, भाताच्या खुंटांवर आणि कुजणाऱ्या पेंढ्यावर हे वाढतात, मग तारेचे सापळे लावून काढतात. एकाच जमिनीत भात आणि क्रॉफिश आलटून पालटून. हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे, त्यामुळे ईस्टरच्या आसपास प्रत्येक अंगणात एक टोप रटरटत असतो. माणशी दीड-दोन किलो धरतात, ऐकायला राक्षसी वाटतं, पण शेपटीतलं मांस वजनाच्या जेमतेम १५ टक्के निघतं. बाकी सगळं कवच आणि डोकं. (डोकं चोखायचं असतं. पहिल्यांदा मला जमलं नव्हतं.)

भारतात मूळचा एकही क्रॉफिश नाही. मत्स्यालयाच्या दुकानात जे लाल-निळे विकतात ते बाहेरून आलेले, आणि कृपा करून त्यांच्या वाटेला जाऊ नका. हाच लुइझियानाचा लाल क्रॉफिश १९२७ मध्ये जपानात बेडकांचं खाद्य म्हणून नेला, १९७० मध्ये केनियातल्या नैवाशा तलावात सोडला. दोन्हीकडे तो पसरला आणि पाणवनस्पतींची नासाडी केली. तो बांधात बिळं करतो. आपल्या वायंगणीच्या (उन्हाळी भाताच्या) मळ्यात एक जोडी सुटली तर काय होईल ते तुम्ही शेतकरी आहात, मी सांगायला नको.

शिवाय पुतण्याला खरंच क्रॉफिश हवाय असं मला वाटत नाही. त्याला ते अंगण, तो टोप आणि हातभर बरबटलेली माणसं हवीत. तिकडेही क्रॉफिशचा हंगाम संपला की त्याच मसाल्यात कोळंबी आणि खेकडे उकडतात, कोणी नाक मुरडत नाही.

मसाला बाजारातून मागवू नका, घरात आहे तो. तिकडच्या पुरचुंडीत धणे, मोहरी, तमालपत्र, लवंग, तिखट मिरची, ऑलस्पाइस आणि डिल सीड असतं. हे डिल सीड म्हणजे आपली बाळंतशेप! मला हे तिकडे गेल्यावर तिसऱ्या वर्षी कळलं, आईने पाठवलेल्या डब्यामुळे. बागेत ऑलस्पाइसचं झाड असेल तर दाण्यांऐवजी त्याची चार पानं टाका. मिरची अर्धी ब्याडगी, अर्धी संकेश्वरी. सगळं जाडसर भरडून पंच्यात सैल बांधायचं. लसणाचे अख्खे गड्डे आणि अर्धी कापलेली लिंबं मोकळीच टाकायची. अँदुई नावाचं धुरी दिलेलं सॉसेज घालतात, त्याऐवजी गोव्याची चौरिस चालेल, फक्त ती डुकराची असते हे पाहुण्यांना आणि आईला आधी सांगा.

खरी युक्ती वेगळीच आहे. क्रॉफिश उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटंच असतो. मग आच बंद करून वीसेक मिनिटं त्याच पाण्यात मुरत ठेवतात. मीठ-मसाला आत जातो तो ह्या मुरण्यात. शिजणं थांबावं म्हणून त्यात बर्फ किंवा गोठवलेली कणसं टाकतात. नवखा माणूस घाबरून उकळत ठेवतो आणि रबर खातो.

कुर्ल्यांचं गणित मला येत नाही. ते इथल्या माणसाने सांगावं.

---

आचऱ्याची_मावशी
२२ जानेवारी, दुपारी ३.२०

भाऊ, दुपारची पंगत उठली, आता निवांत लिहिते. माझी आचऱ्याला घरगुती खानावळ आहे. पाच वर्षांमागे एका पाहुण्याने असाच हट्ट धरला होता म्हणून उकडलेल्या कुर्ल्या करून बघितल्या, आता वर्षाला दोन-तीनदा करते. पहिल्या वेळी काय झालं ते आधी सांगते, म्हणजे तुमचं होणार नाही.

अकरा कुर्ल्या आदल्या संध्याकाळी आणल्या. बांधलेल्या, चांगल्या फुरफुरत होत्या. मला वाटलं पाण्यातला जीव, पाण्यात ठेवावा. प्लास्टिकच्या टबात नळाचं पाणी भरून त्यात सोडल्या आणि झोपले. सकाळी पाच मेलेल्या. साचलेल्या पाण्यातला प्राणवायू संपला आणि त्या गुदमरल्या, शिवाय नळाचं पाणी गोडं. कुर्ली ओल्या हवेत छान श्वास घेते, तिचे कल्ले ओले राहिले म्हणजे झालं. तेव्हापासून ओलं गोणपाट, सावली, वाऱ्याचा झोत नको, एकीवर एक रास नको. एवढ्यावर रात्र निघते. मेलेली कुर्ली मात्र पैशाकडे न बघता टाकायची. तिचं मांस तासाभरात नासायला लागतं. माझ्या पाच माडाच्या आळ्यात गेल्या. त्या वर्षी त्या माडाने काय नारळ दिले म्हणून सांगू.

शेवंड घेऊ नका. महाग, आणि आपल्याकडच्या बाजारात बऱ्याचदा बोटभर पिल्लं येतात, ती घेणं मला पटत नाही. कोळंबी घ्या पण जोडीला. मुख्य कुर्ल्याच, खाडीतल्या, काळपट हिरव्या पाठीच्या. समुद्रातल्या ठिपक्यांच्या नकोत, त्या सांबाऱ्याला गोड लागतात पण उकडून सोलायला हातात काही येत नाही.

घेताना कुर्ली उलटी धरून मागच्या पायांच्या मुळाशी पोटावर अंगठ्याने दाबायची. दगडासारखी लागली तर भरलेली. दबली तर नुकतीच कात टाकलेली, आत पाणी. अमावास्येची कुर्ली भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ असं आमच्याकडे सगळे सांगतात. मी चंद्र बघत नाही, पोट दाबते. पोटाचा पदर रुंद असेल ती मादी, लाख (आतली केशरी गाभोळी) हवी असेल तर ती. पदराबाहेर अंड्यांचा गोळा लटकलेला असेल तर घेऊ नका, विकणाऱ्याला खाडीत सोडायला सांगा. ऐकत नाही हो, पण सांगा. १४ माणसांना साडेतीनशे-चारशे ग्रॅमच्या २० कुर्ल्या पुरतात, सोबत दोन किलो कोळंबी, सालासकट.

आता जिवंत कुर्ली तशीच उकळत्या पाण्यात टाकायची नाही. मीही पहिल्या दिवशी टाकली होती. शेजारचा म्हातारा पागी (जाळं टाकून मासे धरणारा) अंगणात बसला होता, ओरडला, "मेल्या बाये, अशी टाकतंस? डेंगे सोडतली ती! पयली बर्फात निजव तिका." तसंच झालं. दोन कुर्ल्यांनी पाण्याला लागताच डेंगे (पुढच्या मोठ्या नांग्या) सोडले, आणि मग त्या भोकांतून पाणी आत शिरून मांस पाणचट. म्हणून आधी प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फात अर्धा-पाऊण तास. डोळ्याला बोट लावलं तरी हलत नाही इतकी सुस्त झाली की पदर उचलून त्याखालच्या खळग्यात टोकदार सुरी घालते, आणि दुसरी टोची डोळ्यांच्या मधे. एका क्षणात संपते. त्या जिवालाही बरं, आपल्यालाही. नंतर काथ्याने पायांच्या बेचक्यातला चिखल घासायचा. पाठ उघडायची नाही.

भांडं: मंडपवाल्याकडचा स्टीलचा ४० लिटरचा टोप भाड्याने आणा. ॲल्युमिनियमचा नको, लिंबू आणि मिठाने काळा पडतो, चवही बिघडते. देवळातला महाप्रसादाचा टोप मागायला जाऊ नका, गावात राहायचंय तुम्हाला. चूल तीन दगडांची, जाळायला नारळाची सोडणं आणि झावळ्या भरपूर, नाहीतर कॅटरिंगवाल्याची मोठी शेगडी.

पाणी २० लिटर, मीठ अर्धा किलो. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम असतं, त्याहून थोडं कमी. काही हौशी लोक खाडीचं पाणीच आणतात. जेटीजवळचं डिझेलचं पाणी पाहुण्यांना पाजायचं असेल तर आणा.

पुरचुंडी टाकून पाणी वीस मिनिटं खळखळू दे. मग बटाटे, सालासकट, लहान. आणि करांदे मिळाले तर करांदे, कणगी मिळाली तर कणगी! फेब्रुवारीत हंगाम संपत आलेला असतो, पण आठवडी बाजारात एखादी म्हातारी घेऊन बसलेली असते. कंद मिठाच्या पाण्यात उकडून खायला आपल्याला कोणा अमेरिकेने शिकवलं नाही. दहा मिनिटांनी कुर्ल्या, पण दहा-दहाच्या दोन खेपांत, एकदम वीस टाकल्या तर पाणी गार पडतं आणि कुर्ल्या शिजायच्या ऐवजी भिजतात. पाणी पुन्हा उकळलं की तिथून १२ मिनिटं मोजा, अर्ध्या किलोची असेल तर १५. शेवटच्या पाच मिनिटांत कणसाचे तुकडे. आच बंद केल्यावर कोळंबी, ती त्या उष्णतेवरच होते. मग वरच्या भाऊंनी सांगितलं तसं बर्फ टाकून पंधरा मिनिटं मुरू द्या. फक्त कुर्लीचं कवच जाड, मसाला आत जात नाही, म्हणून मुरण्याआधी झाऱ्याने बाहेर काढून डेंग्यांना वरवंट्याचा एक-एक हलका ठोका द्यायचा. तडा जाईल इतकाच.

वर्तमानपत्र अंथरू नका. गरम खाण्याला छपाईची शाई लागते, अन्न सुरक्षेवाल्यांनी २०१६ पासून नको म्हणून सांगितलंय. केळीची पानं कशाला आहेत? लांब टेबलावर पानं उलटसुलट लावा आणि त्यावर ओता. बघायलाही छान, लाल-पिवळं-हिरवं.

फोडायला अडकित्ता ठेवा, सुपारीचा. तिकडच्या त्या चिमट्यापेक्षा सरस चालतो. बुडवायला लोणी वितळवून त्यात ठेचलेला लसूण आणि चमचाभर कोकमाचं आगळ. शेवटी सोलकढी.

पाहुण्यांना एवढं दाखवा: पाठ उचलायची, दोन्ही बाजूंचे पांढुरके मऊ कल्ले काढून टाकायचे, तोंडामागची छोटी पिशवी काढायची, बाकी सगळं खायचं.

---

तिरफळ
२२ जानेवारी, संध्याकाळी ६.५०

सगळं मान्य, पण लाखेची कुर्ली २० लिटर पाण्यात उकडून ते पाणी ओतून द्यायचं? भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपात ती लाख उतरते तेव्हा जे होतं ते ह्या उकडीत कुठून येणार? पाहुण्यांना आपलं सांबारं आणि वडे घाला. त्यांच्याकडचं त्यांना काय दाखवायचं?

आणि एकत्र टोपावर बसायचंच असेल तर अलिबागकडची मडक्यात भाजलेली पोपटी काय वाईट? हंगाम तोच, वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, पाणी एक थेंब नाही.

---

आचऱ्याची_मावशी
२२ जानेवारी, रात्री ८.१०

तिरफळ, कुर्ली न उघडता उकडली की लाख पाठीतच घट्ट होते, पाण्यात जात नाही. उघडून उकडणारे ते वेगळे. सांबारं श्रेष्ठच, त्यात वाद नाही. पण चौदा माणसं सांबाऱ्याला बसली की प्रत्येक जण आपल्या ताटात बघतो.

भाऊ, एक राहिलं. पाहुण्यांत कोणाला कवचवाल्या मासळीची ॲलर्जी आहे का ते फोन करून विचारा. उकडल्याने ती जात नाही. त्या टोपातला बटाटासुद्धा त्या माणसाला द्यायचा नाही. शाकाहारी कोणी असेल तर त्याचे कंद वेगळ्या पातेल्यात.

---

बायूकाठचा
२२ जानेवारी, रात्री ९.००

मावशींनी शेवटी ॲलर्जीचं लिहिलं ते फार महत्त्वाचं. तिकडे माझ्या एका सहकाऱ्याला फक्त वाफेने ओठ सुजायचे, तो वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभा राहून बीअर प्यायचा.

---

हापूसवाला_मिठबाव
१७ फेब्रुवारी, सकाळी ११.३०

मंडळी, झालं एकदाचं. सांगितल्याशिवाय राहवेना.

कुर्ल्या २० मागितल्या होत्या, १८ मिळाल्या. सगळ्या दाबून घेतल्या, विकणारी म्हणाली "डॉक्टर काय तुम्ही?" रात्रभर ओल्या गोणपाटात पडवीत ठेवल्या. सकाळी १८ च्या १८ जिवंत, एक सुटून चपलांच्या मागे. आमचा कुत्रा अजून त्या कोपऱ्यात जात नाही.

सुरीचं काम मला जमेल असं वाटत नव्हतं. पहिल्या दोन पुतण्याने केल्या, मग मी. मावशी, म्हाताऱ्या पागीबाबांना नमस्कार सांगा, एकाही कुर्लीने डेंगा सोडला नाही.

करांदे मिळाले, कणगी नाही. मीठ तुम्ही सांगितलं तेवढंच घातलं, पण दुसऱ्या खेपेच्या वेळी पाणी आटलेलं दिसलं म्हणून वर पाणी घातलं आणि शहाणपणा करून वर आणखी मूठभर मीठ. मीठ कुठे आटतं? बटाटे खारट झाले. कुर्ल्या मात्र अचूक. पहिल्या खेपेची पंधरा मिनिटं मुरली, दुसरी पुतण्याच्या गप्पांत अर्धा तास, तरी बर्फामुळे बिघडली नाही.

केळीच्या पानांवर टोप पालथा केला तेव्हा ते पाच जण गप्पच झाले. त्यातला एक उंच पोरगा लुइझियानाच्या खेड्यातला, त्याचे आजोबा क्रॉफिशची शेती करतात. त्याने अडकित्ता हातात घेऊन दोन मिनिटं नुसता उघडमीट केला. जाताना मागून नेला. आजीचा होता, पण आईने स्वतः काढून दिला, म्हणजे काय म्हणणार. लोणी-आगळ तीनदा करावं लागलं. त्यांना लाख आवडली नाही असं आधी वाटलं, मग कळलं की ते एकमेकांकडून लपवून खात होते.

आई टेबलाला आली नाही. ओट्यावर बसून तिने स्वतःपुरतं सांबारं केलं होतं, दोन कुर्ल्या सकाळीच बाजूला काढून. (म्हणून टोपात १६ च गेल्या, कोणाला कमी पडली नाही.) जेवणं झाल्यावर तो उंच पोरगा तिच्यापाशी जाऊन बसला, तिने त्याला वाटीभर दिलं. तिरफळ, तुमचा विजय नोंदवून ठेवतो.

खारं पाणी कलमांपासून लांब, गडग्यापलीकडे ओतलं. कवचं माडाच्या आळ्यात.

आता नवीन अडचण. टोप काल परत करायला गेलो. मंडपवाल्याने झाकण उघडलं, नाक आत घातलं आणि झाकण परत लावलं. येत्या रविवारी त्या टोपात लग्नाची बासुंदी आहे. साबणाने तीनदा घासला, लिंबू चोळलं, वास आहे तो आहेच. टोप परत माझ्या पडवीत. काय करू?

---

आचऱ्याची_मावशी
१७ फेब्रुवारी, दुपारी ३.४५

चुलीतली राख आणि चिंच, काथ्याने आतून बाहेरून घासा, झाकणाच्या कडेखाली विशेष. मग उपडा न घालता तोंड वर करून दोन दिवस कडक उन्हात. तिसऱ्या दिवशी त्यात पाणी उकळून वास बघा.

तरीही आला तर मंडपवाल्याला बासुंदीसाठी दुसरा टोप घ्यायला सांगा आणि हा तुम्ही विकत घ्या. पुढच्या फेब्रुवारीत लागेलच.